खो मिळेपर्यंत

विश्रामबागेत आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
पायऱ्या चोपन्न.
सत्तावीस वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.
आता अठराव्या पायरीशी एक लाल स्टूल आहे,
छत्तिसाव्याशी निळं,
पवारांच्या दारात, त्यांच्या चपलांशेजारी.

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
ह्यांनी रिपोर्ट उलटसुलट करून विचारलं,
म्हणजे किती कमी गं?
म्हटलं, चादर वाळत घालताना
हात वर राहत नाहीत, इतकं.
बेल वाजलेली कळते
आणि दार मिरजेइतकं लांब असतं, इतकं.

भेटायला येणारा प्रत्येक जण बीट आणतो.
बीट, खजूर, तासगावचा काळा बेदाणा,
आणि लोखंडी तव्याचा सल्ला.
डॉक्टर म्हणाले, खा की,
पण नुसत्या खाण्यानं भागायचं नाही.
गाठीवरचं औषध, रक्त जिथं तयार होतं
तो कारखानाही बंद पाडतंय.
कारखाना म्हटल्यावर मला
हंगाम संपलेला साखर कारखानाच दिसला.
धुराडं गार. अड्ड्यावर एक ट्रॅक्टर नाही.
वॉचमन तेवढा खुर्चीत.

थकणं मला नवं नाही.
स्पर्धा संपवून रात्रीच्या एसटीत
मुलींच्या किटबॅगांवर डोकं टेकून यायचे,
पोटऱ्या ठणकत असायच्या, आणि ते बरं वाटायचं.
तो थकवा झोपेनं जायचा.
हा झोपून उठावं तर
आधीच उशाशी येऊन बसलेला.

एकतीस वर्षं खो-खो शिकवला.
ऊठ, पळ, वळ, अगं वळ!
घसा अजून तेवढा जड आहे त्यानं.
रेश्मा मुजावर, माझी सगळ्यांत चपळ पोरगी,
खो मिळायच्या आतच उठायची.
फाऊल. पुन्हा फाऊल.
एकदा तिला उन्हात तासभर पाटीवर बसवून ठेवलं,
म्हटलं, बसणंसुद्धा शिकावं लागतं.
किती तोऱ्यात म्हटलं होतं.
मला कुठं येत होतं?

आता एका दिवसाला एकच धाव.
डोक्यावरून आंघोळ केली तर भाजी नाही.
(डोक्यावर आता काही नाही म्हणा,
तेवढा वेळ वाचतो.)
काल सगळं सोडून मेथी घेतली निवडायला,
निम्म्या जुडीवर डोळा लागला.
उरलेली ह्यांनी निवडली, देठांसकट.
खाल्ली. काही बोलले नाही.

मंगळवारी मिरजेला रक्त चढवलं.
सिस्टर सुवार्तानं खालची पापणी ओढून बघितली,
"कागदागत झालीया की बाई," म्हणाली,
आणि पिशवी टांगली.
पिशवीवर गट, नंबर, तारीख. नाव नाही.
हातात शिरताना ते गार लागतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
कुणाचं असेल?
वडापवाल्याचं, हळदीच्या वखारीतल्या हमालाचं,
की कॉलेजच्या शिबिरात
बिस्किटाच्या पुड्यासाठी झोपलेल्या पोराचं?
पाठीमागून खो आला की
वळून बघायचं नसतं, सुटायचं असतं.
मी सुटले नाही.
साडेतीन तास पंख्याकडे बघत पडून राहिले,
त्याची एक पाकळी वाकडी आहे.

संध्याकाळी पायऱ्या.
हे पुढे गेले, कुकर लावायला.
लाल स्टुलाशी मी थांबले नाही.
निळ्यावर बसले.
पवारांच्या नातवानं स्टुलाभोवती
खडूनं चौकोन आखलाय, एक बाजू तिरकी.
मित्राला सांगत होता,
"हितं वरच्या बाई बसत्यात.
त्यांना उठवायचं नाही."

वरून पहिली शिट्टी झाली.
अजून अठरा.
पाय म्हणतात, चल,
छाती म्हणते, थांब जरा.
आत्ताच उठले तर फाऊल.